काताविन्या की गेरेरो नेग्रो?
मेक्सिकोत तिहुआनाहून हायवे १ ने दक्षिणेला निघालेल्या मैत्रिणीला वाळवंटातला मुक्काम ठरवता येईना.

आधी पेट्रोल बघ. एल रोसारिओ सुटलं की गेरेरो नेग्रोपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर पंपाचा भरवसा नाही. काताविन्यात रस्त्याकडेला ड्रममधून मिळतं, तेही महाग. टाकी एल रोसारिओतच काठोकाठ भर.

काताविन्यात खोल्या मोजक्याच. गेरेरो नेग्रो हे मिठागरांचं गाव, हॉटेलं, दुकानं, गॅरेज सगळं आहे. पण काताविन्याची संध्याकाळ! घराएवढे गोल धोंडे आणि त्यांतून उलट्या गाजरासारखे वर गेलेले सिरिओ, म्हणजे तिथली वाळवंटी झाडं.

अंधारात गाडी नकोच, रस्त्यावर गुरं येतात. दिवस कलला असेल तर काताविन्यातच थांब. मुलं सोबत असतील किंवा जानेवारी ते मार्चमध्ये देवमासे बघायचे असतील, तर पहाटे निघून गेरेरो नेग्रो गाठ. हिवाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं.