पुण्याहून दोन दिवस: मुंबईचा फोर्ट की कोल्हापूर?

कॅमेऱ्याचं सामान घ्यायचं असेल तर प्रश्नच नाही, मुंबई. सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात लेन्स, फिल्टर, ट्रायपॉड, झालंच तर जुनी कॅमेरा-बॉडीसुद्धा मिळते. वापरलेली लेन्स घेताना ती उजेडाकडे धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. जायचं मात्र शनिवारी, कारण रविवारी फोर्टातली बरीच दुकानं बंद असतात. जेवायला बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया आणि तिथला बेरी पुलाव.

कोल्हापुरात कॅमेऱ्याच्या सामानाला एवढा वाव नाही. जादा बॅटरी, कार्ड घरूनच न्या. बाकी सगळ्यात कोल्हापूर उजवं! महाद्वार रोडच्या बाजूला वाकवून, पायात घालून चप्पल घ्यावी, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज पाहावा, तांबडा-पांढरा मनसोक्त ओरपावा. आणि गंगावेशीतला दूधकट्टा! म्हशीची धार थेट ग्लासात पडते, वर फेस चढत जातो. शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवलंत तर फोटोत धार सुटी दिसते. अंबाबाईच्या गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, तिथे नुसतं दर्शन घ्या.

लेन्स आधीच हाताशी असेल तर मी डोळे झाकून कोल्हापूरची गाडी धरेन.