लहान विमानांच्या अपघातांची कारणे शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम: एक परीक्षण

एका इंजिनाची लहान विमाने उडवणाऱ्या खासगी वैमानिकांसाठी आणि शिकाऊ उमेदवारांसाठी एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेने तयार केलेला ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. या विमानांचे अपघात नेहमी कोणत्या कारणांनी होतात, हा त्याचा विषय. पुढे काही दोष स्पष्टपणे मांडायचे असल्यामुळे संस्थेचे नाव घेत नाही. शिवाय या विषयावरचे बहुतेक अभ्यासक्रम साधारण याच साच्यातले असतात, त्यामुळे दुसरा एखादा निवडणाऱ्यालाही हे परीक्षण उपयोगी पडावे. माझी कसोटी एकच होती. अपघाताच्या शेवटच्या काही सेकंदांचे वर्णन करून आणि त्यावर ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारून शिक्षक मोकळा होतो, की ती चूक ज्या सवयीतून, घाईतून किंवा यंत्राच्या रचनेतून घडली तिथपर्यंत मागे जातो? या अभ्यासक्रमात दोन्ही प्रकार आढळतात, आणि कधी कधी तर एकाच धड्यात.

सर्वांत सरस धडा उड्डाणात विमानावरचे नियंत्रण सुटण्याविषयीचा आहे. त्याला दिलेले महत्त्व योग्यच म्हणावे लागेल, कारण अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेच्या नोंदींनुसार लहान विमानांच्या प्राणघातक अपघातांत हे कारण दीर्घकाळ अग्रस्थानी राहिले आहे. वेग कमी झाला की स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटते, ही अर्धवट समजूत येथे आरंभीच दूर केली जाते. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन ठरावीक मर्यादेपलीकडे, म्हणजे बहुतेक लहान विमानांत साधारण 15 ते 18 अंशांच्या पुढे गेला, की वेग कितीही असला तरी पंखावरचा प्रवाह तुटतो आणि उचल एकदम घटते. उंची राखून वळण घेताना 30 अंशांच्या कलावर स्टॉलचा वेग सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो, 45 अंशांवर 19 टक्क्यांनी आणि 60 अंशांवर 41 टक्क्यांनी. हे आकडे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात, पण येथे ते थेट धावपट्टीजवळच्या शेवटच्या वळणाला जोडून दाखवले आहेत.

त्या वळणाचे चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिले. बेसवर, म्हणजे शेवटच्या वळणाआधीच्या धावपट्टीला काटकोनातल्या मार्गावर, पाठीमागून वारा लागल्यामुळे विमान धावपट्टीची रेषा ओलांडून पलीकडे वाहवते. जमीन जवळ असल्याने जास्त कलण्याची धास्ती वाटते, म्हणून वैमानिक कल वाढवण्याऐवजी वळणाच्या आतल्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू फिरवणारे पायाचे पेडल, दाबून नाक धावपट्टीकडे ओढू पाहतो. रडरमुळे कल आपोआप वाढू लागतो, तो थोपवण्यासाठी हात उलट दिशेने एलेरॉन (पंखांवरच्या, कल बदलणाऱ्या पट्ट्या) देतात, नाक खाली झुकते म्हणून योक (विमान वळवण्याचा हातातला दांडा) मागे खेचला जातो, आणि खालचा पंख आधी स्टॉल होऊन विमान त्याच बाजूला कोलमडते. पडद्याच्या कोपऱ्यात या सर्व काळात फक्त दोन उपकरणे दिसत राहतात: वेगमापकाचा काटा अजून बऱ्या आकड्यावर असतो, पण विमान आडवे घसरत असल्याचे दाखवणारी गोटी मात्र वळणाच्या बाहेरच्या टोकाला जाऊन बसलेली असते. जमिनीपासून उंची जेमतेम 400–500 फूट असते आणि तेवढ्यात स्पिनमधून, म्हणजे गरगरत खाली पडण्यातून, बाहेर पडणे शक्य नसते. शिक्षक येथे थांबत नाही, हे विशेष. उतरण्याचा बेत सोडून पुन्हा फेरी मारणे वैमानिकाला कमीपणाचे का वाटते, मागे रांगेत दुसरे विमान असले की तो दबाव कसा वाढतो, आणि रेषा हुकली तर फेरी मारायची हे वळणाआधीच ठरवून ठेवले तर निर्णय किती सोपा होतो, यावर त्याने सविस्तर वेळ दिला आहे.

इंधनाचा धडा याच्या तुलनेत उथळ वाटला. सुरुवात चांगली आहे: विमानात इंधनच न उरणे आणि इंधन असूनही ते इंजिनापर्यंत न पोहोचणे हे दोन वेगळे प्रकार नीट सांगितले आहेत. सेस्ना 172 मध्ये दोन्ही टाक्यांतून एकाच वेळी इंधन घेण्याची सोय असते, तर पायपर चेरोकी कुळातील विमानांत डावी किंवा उजवी टाकी निवडावी लागते. त्यामुळे एकीवरून दुसरीवर गेलेल्या वैमानिकाच्या हाताला नवी सवय लागेपर्यंत धोका असतो, हा मुद्दाही आला आहे. एनटीएसबीने 2017 मध्ये दिलेल्या सूचनेनुसार इंधनाच्या हिशेबातील गफलतींमुळे वर्षाला सरासरी 50 हून अधिक अपघात होत होते, आणि त्यांतल्या वैमानिकांपैकी जवळपास निम्मे व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या दर्जाचे परवानाधारक होते, तर शिकाऊ वैमानिक अगदी मोजके. याचा अर्थ उघड आहे: हा अज्ञानाचा प्रश्न कमी आणि सरावातून आलेल्या बेफिकिरीचा अधिक आहे. अभ्यासक्रमाने मात्र ‘हिशेब करा, टाकीत डोकावून पाहा’ एवढा उपदेश करून विषय संपवला आहे.

याच धड्यात अमेरिकन गायक आणि हौशी वैमानिक जॉन डेन्व्हर यांच्या 12 ऑक्टोबर 1997 च्या अपघाताचा उल्लेख येतो, आणि माझ्या कसोटीला तो सर्वांत कमी उतरतो. कथन असे: इंधन कमी होते, टाकी बदलताना लक्ष विचलित झाले, चुकून उजवा रडर दाबला गेला, लाँग-ईझेड विमान माँटेरेच्या उपसागरात कोसळले. हे खरे आहे, पण तपास अहवाल याहून पुढे जातो. कारखान्याऐवजी हौशी व्यक्तीने बांधलेल्या त्या विमानात टाकी निवडण्याची मूठ नेहमीच्या जागी नव्हती; ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती, तिच्यावर खुणा नव्हत्या आणि इंधन दाखवणाऱ्या नळ्यांवरही नव्हत्या. मूठ फिरवायची तर शरीर मागे वळवावे लागे, आणि तसे वळताना पाय रडरवर रेटला जाणे स्वाभाविक होते. विमान बांधणाऱ्याचा हा निर्णय, तसेच वैमानिकाला या प्रकारच्या विमानाचे अपुरे प्रशिक्षण मिळाले असणे, या दोन्ही गोष्टी एनटीएसबीने अपघाताला हातभार लावणाऱ्या म्हणून नोंदवल्या आहेत. अपघातामागे रचना, प्रशिक्षण आणि पूर्वतयारी एकत्र कशा काम करतात हे शिकवण्यासाठी याहून नेमके उदाहरण सहसा मिळत नाही, आणि तेच येथे वाया घालवले आहे.

हवामानाच्या धड्यात ते प्रसिद्ध 178 सेकंद येणारच होते. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात झालेल्या प्रयोगात, केवळ उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या 20 जणांचे बाहेरचे दृश्य बंद केले असता सरासरी इतक्याच वेळात त्यांचे नियंत्रण सुटले. ढगात शिरलेल्या नवख्या वैमानिकाकडे तीन मिनिटेही नसतात, हे मनावर ठसवण्यासाठी हा आकडा वापरला जातो आणि तो परिणामकारक आहे. मात्र त्या प्रयोगाचा मूळ हेतू ढगातून उलट वळून बाहेर पडण्याची सोपी पद्धत शोधण्याचा होता, आणि ती शिकवल्यानंतर त्याच विद्यार्थ्यांनी जवळपास प्रत्येक चाचणीत विमान सुखरूप बाहेर काढले, हा अर्धा भाग अभ्यासक्रमाने गाळला आहे. भीती तेवढी दिली आणि उपाय राहून गेला. त्यामानाने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांच्या 16 जुलै 1999 च्या अपघाताचे विवेचन उत्तम उतरले आहे. त्या रात्री दृश्यमानता नियमांच्या मर्यादेत होती, ढगात शिरण्याचा प्रश्न नव्हता. तरीही धुके, काळोख आणि खाली समुद्र यांमुळे क्षितिजच दिसत नव्हते, आणि खाली उतरत असताना दिशाभ्रम होऊन विमान ताब्यातून गेले. नियमांनुसार उड्डाण वैध असणे आणि ते आपल्याला झेपणारे असणे यांत किती अंतर असू शकते, हे येथे शब्दाला शब्द न वाढवता समजते.

इंजिन बंद पडण्यावरचे प्रकरण सर्वांत लांब आणि सर्वांत नाट्यमय आहे. पार्श्वसंगीत तर नकोसे झाले. त्यातला कार्बुरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागात, बर्फ साचण्याचा भाग मात्र मन लावून पाहावा. इंधनाचे बाष्पीभवन आणि अरुंद वाटेत हवेचा घटणारा दाब यांमुळे कार्बुरेटरच्या आतले तापमान झपाट्याने उतरते, त्यामुळे बाहेर 20 अंश सेल्सियसच्या आसपास उबदार आणि दमट हवा असतानाही बर्फ धरू शकतो. पात्यांचा कोन बदलता न येणारा पंखा असलेल्या विमानात पहिले लक्षण म्हणजे इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होणे, आणि वैमानिक नकळत थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, पुढे सरकवून ते झाकून टाकतो. बर्फ घालवण्यासाठी कार्बुरेटरकडे गरम हवा सोडणारी ‘उष्णता’ सुरू केल्यावर वितळलेल्या बर्फाचे पाणी सिलिंडरमध्ये जाते, इंजिन आणखी खडखडते, आणि घाबरून उष्णता लगेच बंद करण्याचा मोह होतो. तो आवरून धीर धरायचा असतो, हे शिक्षकाने इंजिनाचा प्रत्यक्ष आवाज ऐकवून दाखवले आहे. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेल्यास धावपट्टीकडे माघारी वळण्याचा मोह टाळून समोरच जागा शोधावी, हेही सांगितले आहे. पण माघारी वळणे कोणत्या उंचीपासून शक्य होते हे विमान, वारा आणि सराव यांवर अवलंबून असते आणि ते सुरक्षित उंचीवर प्रशिक्षकासोबत स्वतः मोजून पाहता येते, हे सांगायचे राहिले. उतरताना उसळणारी चाके, आडवा वारा, तापलेल्या आणि उंचावरच्या धावपट्टीवर विरळ हवेमुळे घटणारी क्षमता, जादा वजन, हे विषय एकाच धड्यात उरकले आहेत. पुस्तकात यापेक्षा जास्त मिळते.

कार्बन मोनॉक्साइडला मात्र जेमतेम दोन वाक्ये मिळावीत, हे खटकते. अशा अनेक विमानांत केबिनची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या (इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळीभोवतीच्या) आवरणातून घेतलेली असते, आणि एक्झॉस्टला चीर गेली तर रंग किंवा वास नसलेला हा वायू थेट आत येतो. 21 जानेवारी 2019 रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन निघालेले पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळले. ब्रिटिश तपासकर्त्यांना साला यांच्या रक्तातील 58 टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेले आढळले, आणि विमानात इशारा देणारे सक्रिय उपकरण नव्हते. वैमानिकाने घेतलेला एखादा वाईट निर्णय मुळात विषबाधित मेंदूतून आलेला असू शकतो, ही शक्यता वगळून निर्णयक्षमतेवर तासभर बोलणे अपुरे आहे.

प्रत्येक धड्यानंतरची प्रश्नपत्रिका व्याख्या विचारते, परिस्थिती देत नाही. ती सोडली तरी नुकसान नाही. नियंत्रण सुटण्याचा आणि हवामानाचा धडा परवाना मिळालेल्या वैमानिकानेही पाहावा, कार्बुरेटरचा भाग स्वतःच्या विमानाची उड्डाणपुस्तिका शेजारी उघडून पाहावा, आणि इंधनासाठी अभ्यासक्रमावर न विसंबता एनटीएसबीचे मूळ अहवाल वाचावेत. ते विनामूल्य उपलब्ध आहेत.