फ्लॅपच्या ऑपरेशनआधी: मलम, गोळी की थोडं थांबणं?

महापे-रबाळ्याच्या कारखान्यात मशीनमध्ये हात सापडलेल्या माणसाला निवड करायला वेळच नसतो. उघडं हाड लवकर झाकावंच लागतं. हे लिहितोय ते ऑपरेशनची तारीख पुढे असलेल्यांसाठी.

फ्लॅप म्हणजे कातडीचा तुकडा त्याच्या रक्तपुरवठ्यासकट फिरवून जखमेवर बसवणं. मुळाशी रक्त नीट पोचतं, टोकाला कमी. काळं पडतं ते टोक, आणि सगळे उपाय त्या टोकासाठीच.

नायट्रोग्लिसरीनचं मलम रक्तवाहिन्या सैल करतं. माणसांवरचा चांगला पुरावा याच्याच बाजूने आहे: 2015 साली कॅनडातल्या चाचणीत, स्तन काढून लगेच पुनर्रचना केलेल्या बायकांमध्ये साध्या मलमाच्या गटात 33.8 टक्के जणींची कातडी काळी पडली, या मलमाच्या गटात 15.3 टक्के. पण तिथे ते ऑपरेशन संपल्यावर लावलं होतं, आधी नव्हे. हातापायाच्या फ्लॅपलाही तेवढाच फायदा होईल, असं त्यावरून धरता येत नाही. डोकं दुखतं, बीपी उतरतं.

पेंटॉक्सिफायलिनच्या गोळीने लाल पेशी लवचिक होतात आणि बारीक वाहिन्यांतून सहज सरकतात. ही आधीपासून सुरू करता येते, मात्र तिची बरीचशी भिस्त उंदरांवरच्या प्रयोगांवर आहे, आणि उंदराची सैल कातडी आपल्यासारखी नसते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते.

तिसरा मार्ग औषधाचा नाहीच. सर्जन फ्लॅपच्या कडा आधी कापून ठेवतात, दहा-पंधरा दिवस थांबतात; तेवढ्यात आतल्या अरुंद वाहिन्या रुंदावतात. याला ‘डिले’ म्हणतात. दोनदा ऑपरेशन, दोनदा भूल, घरच्यांची दोनदा रजा. तरीही फ्लॅप लांब असेल आणि वेळ असेल, तर माझा कौल यालाच.

यातलं काहीही निवडा, तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद हवी. निकोटीन वाहिन्या आवळतं, मग मलम काय करणार? आपल्याकडे मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही. डॉक्टर ‘सिगारेट ओढता का?’ विचारतात, आजी खरं तेच सांगते, ‘नाही’, आणि मशेरीचा विषय निघतच नाही. तो तुम्ही काढा. शुगरही आधीच आटोक्यात आणा.

मलम मेडिकलमधून स्वतःच आणून लावू नका. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेत असाल तर लाज न बाळगता सर्जनला सांगा. दोन्ही एकत्र आली तर बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं.