पहिल्या उन्मादानंतर पुढे काय चालू ठेवावे: लिथियम की अँटिसायकोटिक?

ससूनमधून, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून किंवा एखाद्या खासगी रुग्णालयातून घरी येऊन पाच-सहा महिने झाले की बहुतेक कुटुंबांपुढे हा प्रश्न येतो. उन्माद म्हणजे बायपोलर विकारातली मन अतिउत्तेजित होण्याची अवस्था. तिच्या पहिल्या झटक्यात ज्याला आवाज ऐकू आले, आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे असे वाटले किंवा आपल्याला दैवी आदेश मिळाला आहे अशी खात्री पटली, त्याला बहुधा दोन औषधे सुरू झालेली असतात. एक असते लिथियमसारखे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध आणि दुसरे ओलान्झापीन किंवा क्वेटियापीनसारखे अँटिसायकोटिक, म्हणजे भास आणि भ्रम आवरणारे औषध. आता आवाज थांबले आहेत, झोप लागते आहे, वजन मात्र वाढले आहे, आणि घरातला तो मुलगा किंवा ती मुलगी विचारते की यातली एक गोळी कमी होईल का. पुण्यातल्या स्वमदत गटांत आजार असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि तिला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मी माझ्या धाकट्या भावाची शुभंकर आहे आणि आमच्या घरीही हाच प्रश्न आला होता. निर्णय शेवटी मानसोपचारतज्ज्ञांबरोबरच घ्यायचा असतो, पण तो घेताना दोन्ही बाजूंचे संशोधन काय सांगते ते माहीत असले पाहिजे.

आमचा पहिला गैरसमज असा होता की ज्या गोळीने भास थांबवले तीच गोळी पुढचा झटकाही टाळेल. पेटलेली आग विझवणे आणि ती पुन्हा लागू न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. उन्माद भरात असताना अँटिसायकोटिक औषधे लवकर आणि खात्रीने काम करतात, तर लिथियमचा परिणाम दिसायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे रुग्णालयातल्या त्या पहिल्या दिवसांत अँटिसायकोटिकला पर्याय नसतो. प्रतिबंधाच्या कामात मात्र तुलना बरीच बदलते.

आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळची चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. उन्मादाचा पहिलाच झटका येऊन गेलेल्या आणि लिथियम व क्वेटियापीन या जोडीवर स्थिरावलेल्या 61 जणांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले आणि प्रत्येक गटाला एकच औषध वर्षभर दिले गेले. वर्षाच्या शेवटी बहुतेक मोजमापांवर लिथियमचा गट सरस ठरला. एकसष्ट ही संख्या लहान आहे हे मी विसरत नाही, म्हणून तिच्याशेजारी फिनलंडचा अभ्यास ठेवते. तेथे बायपोलर विकार असलेल्या 18,018 व्यक्तींच्या नोंदी सरासरी सात वर्षे पाहिल्या गेल्या, आणि एखादी व्यक्ती लिथियम घेत असलेल्या काळात मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा तिचा धोका, ती ते घेत नसलेल्या काळापेक्षा, सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याचे आढळले.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 431 जणांच्या चाचणीत वर्षभरात लिथियम घेणाऱ्या सुमारे 39 टक्के लोकांना, तर ओलान्झापीन घेणाऱ्या 30 टक्के लोकांना आजार पुन्हा उद्भवला, आणि उन्मादाचे झटके टाळण्यात ओलान्झापीन पुढे राहिले. ती चाचणी ओलान्झापीन तयार करणाऱ्या एली लिली कंपनीच्या पाठबळाने झाली होती. एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना ते ध्यानात ठेवावे. शिवाय त्या चाचणीत ओलान्झापीनच्या गटाचे वजन अधिक वाढले, आणि तिथून पुढे साखर व कोलेस्टेरॉल यांचा प्रश्न सुरू होतो. ज्या घरात आई-वडिलांना मधुमेह आहे तिथे हा मुद्दा दुय्यम मानून चालत नाही.

मग दोन्ही औषधे किती दिवस एकत्र चालवावीत? 2016 च्या एका चाचणीत उन्माद ओसरलेल्या 159 जणांमध्ये लिथियम किंवा मनःस्थिती स्थिर ठेवणारे दुसरे औषध व्हॅल्प्रोएट चालू ठेवून जोडीचे अँटिसायकोटिक (ओलान्झापीन किंवा रिस्पेरिडोन) काहींचे लगेच, काहींचे 24 आठवड्यांनी आणि काहींचे 52 आठवड्यांनी थांबवले गेले. लगेच थांबवणे महागात पडले. 24 आठवड्यांपर्यंत चालू ठेवण्याचा फायदा दिसला, पण 52 आठवड्यांपर्यंत लांबवण्याने आणखी लाभ झाल्याचे दिसले नाही. म्हणून सहा महिन्यांच्या आसपास हा विषय डॉक्टरांपुढे काढणे यात उतावीळपणा नाही. त्याआधी स्वतःहून गोळी सोडणे मात्र धोक्याचे आहे.

लिथियमची खरी किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागते. गोळी स्वस्त आहे, पण रक्तातले तिचे प्रमाण साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर या अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते. सुरुवातीला दर आठवड्याला, प्रमाण स्थिरावल्यावर पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते, आणि नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचा असतो. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये पोचायचे. थायरॉईड, मूत्रपिंड आणि कॅल्शिअम यांची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. थायरॉईड मंदावणे नवलाचे नाही आणि त्यावर गोळी आहे. मूत्रपिंडावरचा परिणाम बहुतेकांत सौम्य असला तरी काहींमध्ये दीर्घकाळाने गंभीर होऊ शकतो, म्हणूनच ही तपासणी टाळायची नाही.

शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की लिथियमचे प्रमाण चढते. एप्रिल-मेच्या उन्हात सिंहगड चढणे, पालखीबरोबर दिवसभर चालणे, निर्जळी एकादशी किंवा दोन दिवसांचे जुलाब, यांतले काहीही त्याला पुरेसे असते. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणि रक्तदाबावरची काही औषधेही ते प्रमाण वाढवतात. हात जोरात थरथरणे, उलट्या, जीभ जड होणे, तोल जाणे ही विषबाधेची चिन्हे दिसली तर पुढची गोळी न देता तातडीने रुग्णालय गाठायचे. ज्या घरात हे सांभाळायला कोणी नाही, किंवा हिंजवडीच्या रात्रपाळीमुळे गोळीची वेळच ठरत नाही, तिथे लिथियमचा आग्रह धरू नये असे मला वाटते, मग आकडे कितीही त्याच्या बाजूने असोत. रात्रपाळीने तुटणारी झोप तर स्वतःच उन्मादाला आमंत्रण देते.

आत्महत्येच्या बाबतीत लिथियमचे नाव नेहमी घेतले जाते. 2013 मध्ये 48 चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या, तुलनेत आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या होत्या. अमेरिकेतील 519 माजी सैनिकांवरील 2022 च्या चाचणीत मात्र चालू उपचारांत लिथियम जोडल्याने फरक पडला नाही. म्हणजे हा मुद्दा लिथियमच्या बाजूने झुकतो, पण केवळ त्याच्या भरवशावर लक्ष ठेवणे सैल करता येत नाही.

व्हॅल्प्रोएट हा तिसरा पर्याय अनेकदा सहज सुचवला जातो. 2010 च्या 330 जणांच्या चाचणीत दोन वर्षांत नव्या झटक्यासाठी उपचार लागलेल्यांचे प्रमाण व्हॅल्प्रोएटवर 69 टक्के, लिथियमवर 59 टक्के आणि दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत 54 टक्के होते. शिवाय गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात दोष आणि तीन-चार बाळांत वाढीच्या अडचणी दिसतात. तरुण मुलीसाठी ते सुचवले गेले तर स्पष्ट प्रश्न विचारायला संकोच करू नये. लिथियम घेत असतानाही मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे लागते.

अँटिसायकोटिकच चालू ठेवणे योग्य ठरते अशाही परिस्थिती आहेत. मनःस्थिती ठीक असतानाही भास किंवा संशय टिकून असेल तर आजाराचे निदानच पुन्हा तपासावे लागते आणि ती गोळी काढणे चुकीचे ठरते. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर लिथियम नकोच. नैराश्याचे झटके वारंवार येत असतील तर क्वेटियापीनला त्यासाठी स्वतंत्र पुरावा आहे. गोळ्या वारंवार चुकत असतील तर महिनाभर टिकणाऱ्या इंजेक्शनाबद्दल विचारावे, कारण फिनलंडच्याच अभ्यासात तोंडाने घेतलेल्या त्याच औषधापेक्षा इंजेक्शनावर पुन्हा दाखल होण्याचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी कमी होता.

कोणतीही गोळी निवडली तरी तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 166 रुग्णांच्या पाहणीत दिसते. पहिल्या उन्मादानंतर दोन वर्षांत 98 टक्के लोकांचा तो झटका ओसरला होता, पण आधीचे काम आणि घर पूर्ववत सांभाळू शकणारे केवळ 43 टक्के होते. त्यामुळे भाऊ ‘बरा झाला’ तरी नोकरीवर का टिकत नाही, याचे उत्तर त्याच्या आळसात शोधू नये. बार्सिलोनात 120 जणांच्या चाचणीत औषधांबरोबर आजाराची ओळख करून देणारी 21 गटसत्रे घेतली गेली, तेव्हा पुन्हा झटका येणाऱ्यांची संख्या घटली आणि हा लाभ पाच वर्षांनीही दिसत होता. पुण्यातले स्वमदत गट म्हणजे ती सत्रे नव्हेत, पण शुभार्थीने आपल्या आजाराची पूर्वचिन्हे ओळखायला शिकण्याची सुरुवात तिथे होऊ शकते.

आमच्या घरी शेवटी लिथियम राहिले आणि क्वेटियापीन दोन महिन्यांत थोडे थोडे करून उतरवले गेले. त्या काळात भावाची झोप किती तास झाली हे आई रोज वहीत लिहीत असे आणि सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेल्या तर डॉक्टरांना फोन करायचा असे त्याच्याच संमतीने ठरले होते. लिथियमही कधी थांबवायचे झाले तर किमान चार आठवडे आणि शक्यतो तीन महिने घेऊन उतरवायचे, कारण ते एकदम सोडल्यास उन्माद उलटून येण्याचा धोका असतो, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे.