गोल घेराचा सुती ड्रेस की क्रेपचा टी-ड्रेस?

ब्रिटनमध्ये जुन्या धाटणीचे कपडे शिवणाऱ्या लहान व्यावसायिकांकडून पहिला ड्रेस घ्यायचा म्हटले, की निवड बहुतेक वेळा दोन प्रकारांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे १९५०च्या दशकाच्या वळणाचा, कंबरेपर्यंत अंगाबरोबर आणि खाली पूर्ण गोल घेराचा सुती ड्रेस. दुसरा म्हणजे १९४०च्या दशकाच्या वळणाचा, व्हिस्कोस क्रेपचा, गुडघ्याच्या जरा खाली उतरणारा टी-ड्रेस (टी म्हणजे चहा). मी सहा वर्षांपासून कव्हेंट्रीत राहते, एकटी राहते, आणि हे दोन्ही प्रकार कार्यक्रमापुरते नव्हे तर ऑफिसला, बाजाराला आणि प्रवासातही वापरते. एखाद्या कपड्याविषयी मत देण्यापूर्वी तो निदान सहा वेळा धुवावा, असा माझा नियम आहे, आणि खाली लिहिलेले सर्व त्या सहा धुण्यांनंतरचे आहे. दोन्ही प्रकार मला आवडतात. मात्र माझा कल एका बाजूला आहे, आणि त्याचे कारण वाचकांना कदाचित क्षुल्लक वाटेल.

दिसण्याच्या बाबतीत गोल घेराचा ड्रेस पहिल्या नजरेतच बाजी मारतो, हे मान्य करायला हवे. ख्रिस्तियान दिओर याने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरपूर घेर असलेले कपडे मांडले, तेव्हा ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग अजून चालू होते. त्यामुळे इथल्या बायकांनी तो घेर आधी छायाचित्रांत पाहिला आणि अंगावर पुष्कळ उशिरा घेतला. प्रेस्टनच्या हॉरॉक्सेस या जुन्या गिरणीने १९४६ मध्ये तयार कपड्यांचा व्यवसाय सुरू केला होता, आणि तिच्या छापील सुती ड्रेसनी ही फॅशन सामान्य घरांपर्यंत नेली. राणी एलिझाबेथ यांनीही १९५३–५४ च्या राष्ट्रकुल दौऱ्यात त्या कंपनीचे ड्रेस वापरले होते. आजचे लहान शिवणकार मोठी फुले, फळे किंवा पट्टे असलेले पॉपलिन निवडतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तेच नमुने असतात. असा ड्रेस घालून आपण वळलो की कापड अर्धा क्षण मागे राहून मग आपल्यामागून येते, आणि त्या अर्ध्या क्षणासाठीच पुष्कळजणी तो घेतात.

टी-ड्रेसचे सौंदर्य टंचाईतून आलेले आहे. १ जून १९४१ ते १५ मार्च १९४९ या काळात इथे कपडे कूपनावर मिळत. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपने होती, आणि त्यांतली ११ लोकरीच्या ड्रेसला, तर ७ सुती किंवा रेयॉनच्या ड्रेसला मोजावी लागत. पुढे शिवणीवरही बंधने आली: ड्रेसला दोनपेक्षा जास्त खिसे नकोत, पाचपेक्षा जास्त बटणे नकोत, स्कर्टला सहापेक्षा जास्त शिवणी नकोत. कापड उधळण्याची सोय नसल्यामुळे सगळी कारागिरी खांद्याच्या योकखालच्या (वरच्या वेगळ्या जोडपट्टीखालच्या) चार चुण्यांत, कंबरेच्या टकांत आणि कळ्यांच्या बेतात उतरली. त्या चुण्या नीट बसल्या असतील तर अंगावर काही घातल्याची जाणीवही होत नाही. कोटाखाली कापडाचा बोळा होत नाही, आणि बसमध्ये शेजारच्या प्रवाशाच्या मांडीवर आपला घेर जात नाही. ज्या देशात वर्षातले सात-आठ महिने अंगावर कोट असतो, तिथे हा मुद्दा छायाचित्रात दिसत नसला तरी रोज अनुभवाला येतो.

कापडाच्या बाबतीत मात्र पारडे सुती ड्रेसकडे झुकते. पॉपलिन यंत्रात धुवावे, ओलसर असतानाच इस्त्री करावी, आणि पुढची दहा वर्षे काळजी करू नये. पूर्ण घेराला सुमारे चार ते पाच मीटर कापड लागत असल्याने इस्त्रीला मला पंचवीस मिनिटे लागतात, एवढीच तक्रार. एक गोष्ट तेवढी विकत घेण्यापूर्वी विचारावी: काठ दुमडण्यापूर्वी घेर दिवसभर टांगून ठेवला होता का? गोल कापलेल्या स्कर्टचा काही भाग सरळ धाग्यावर येतो आणि काही भाग आपले शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या तिरक्या धाग्यावर येतो. उरेब भाग स्वतःच्या वजनाने लोंबतो. माझ्या पहिल्या ड्रेसचा काठ तीन महिन्यांत चार जागी दोन-दोन बोटे खाली आला, आणि तो मला उसवून पुन्हा दुमडून शिवावा लागला. ज्या शिवणकारांना या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येते, त्यांचे बाकीचे कामही बहुधा चोख असते, असा माझा अनुभव आहे.

व्हिस्कोस क्रेप लाडावलेल्या मुलासारखे आहे. ते ओले असताना दुबळे होते, म्हणून पिळता येत नाही. इस्त्री उलट्या बाजूने आणि बेताच्या आचेवर करावी लागते. पहिल्या धुण्यात माझा ड्रेस लांबीला दोन बोटे आटला. आणि हिवाळ्यात पायमोज्यांना चिकटतो, म्हणून आत स्लिप घालणे भाग पडते. तरीही या कापडाविषयी मला ममत्व आहे, आणि त्यात गावाचा अभिमानही थोडा मिसळलेला आहे. व्हिस्कोसचे पेटंट १८९२ मध्ये इंग्लंडमध्येच घेतले गेले, आणि कोर्टोल्ड्स कंपनीने १९०५ मध्ये त्याचा धागा काढायला सुरुवात केली ती इथे, कव्हेंट्रीच्या फोल्सहिल भागात. चाळीसच्या दशकातल्या ज्या रेयॉनच्या ड्रेसवरून हे नवे ड्रेस बेततात, ते रेयॉन बहुतांशी म्हणजे हेच व्हिस्कोस. त्यामुळे क्रेपचा ड्रेस नुसता जुन्यासारखा दिसत नाही, तो जुन्यासारखा पडतोही. आजचे पॉलिएस्टर तसे पडत नाही, आणि ते वापरणाऱ्यांचे ड्रेस मी हल्ली घेत नाही.

मापांबद्दल थोडक्यात सांगते. दोन्ही प्रकारांत ब्रिटिश मापाच्या आकड्यावर विसंबू नये. छाती, कंबर आणि खांद्यापासून कंबरेपर्यंतची उंची इंचात मोजून कळवावी. माझ्यासारख्या आखूड धडाच्या बाईला ही तिसरी संख्या सर्वांत महत्त्वाची ठरते, कारण कंबरेची शिवण अर्धा इंच खाली आली तरी ड्रेस उसना आणल्यासारखा दिसतो. आणि शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, किती ठेवली आहे, हे आवर्जून विचारावे. लहान शिवणकार बहुधा चांगली माया ठेवतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी तिचा उपयोग होतोच.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, त्या गोष्टीकडे येते. गोल घेराच्या ड्रेसला बहुतेक शिवणकार पाठीत चेन लावतात, आणि ती दिसू नये म्हणून आत लपणारी, नाजूक दातांची चेन वापरतात. ती चेन कंबरेच्या शिवणीवरून जाते. त्या एका जागी वरच्या भागाचे कापड, त्याचे अस्तर, स्कर्टच्या चुण्या आणि त्या सगळ्यांची माया एकत्र येते, आणि रनर, म्हणजे चेनचा वरखाली सरकणारा तुकडा, तिथे अडतो. ड्रेस हातात घेऊन पाहिला तर तो अडत नाही. अंगावर ताण आला की अडतो. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीचे लग्न रजिस्टर ऑफिसात होते. सकाळी नऊ वाजता मी आरशाकडे पाठ करून उभी होते, मान जितकी वळेल तितकी वळवली होती, रनरला नाडी बांधून ती खांद्यावरून ओढत होते, आणि रनर कंबरेच्या त्या शिवणीखाली घट्ट बसला होता. शेवटी कोट अंगावर घेऊन शेजारच्या आजींचे दार वाजवले. त्यांनी चष्मा लावला, एका हाताने कंबरेची शिवण खाली ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने चेन वर नेली. हे करताना त्या म्हणाल्या, की त्यांच्या आईचे ड्रेस डाव्या काखेखाली उघडायचे, म्हणून आईला कधी कुणाला हाक मारावी लागली नाही.

सकाळचे ते निभावले. खरी अडचण रात्री झाली. मी अकरा वाजता घरी आले, आणि तीच चेन त्याच जागी उतरताना अडली. रात्री अकरा वाजता शेजारच्या वृद्ध बाईंचे दार वाजवता येत नाही. मी पाऊण तास खुर्चीच्या पाठीला टेकून, श्वास सोडून, दोन्ही हात मागे नेऊन प्रयत्न करत राहिले. कात्री समोर टेबलावर होती, आणि एकशेदहा पौंडांचा ड्रेस कापायचा की तो घालूनच झोपायचे, या विचाराने मला रडू आले. अखेर पाठीमागे साबणाची वडी घासल्यावर रनर सुटला. ड्रेस घालताना मदतीला कुणी असेल का, हा विचार पुष्कळजणी करतात. उतरवताना कोण असेल, हा विचार मी तोवर केला नव्हता.

आपल्याकडे ब्लाउजचे हूक पुढे असतात, नऊवारी किंवा सहावारी नेसायला सरावानंतर कुणाची गरज लागत नाही, आणि सणाचा कपडाही बाई एकटीने घालू-उतरवू शकते. कदाचित त्या सवयीमुळे मला हे परावलंबन जास्त टोचत असेल. टी-ड्रेसमध्ये ते नाही. समोर कंबरेपर्यंत बटणे असतात किंवा डाव्या बाजूला उघडे ठेवलेले असते. जुन्या ड्रेसना तिथे पुष्कळदा टिचबटणे आणि हूक असत, आता छोटी चेन असते. उजवा हात समोरून सहज तिथे पोहोचतो आणि डोळ्यांना चेन दिसते. ड्रेस डोक्यावरून घ्यावा लागतो, खांदे रुंद असतील तर मुंढ्यापाशी थोडी कसरत होते, आणि घाईत चेनमध्ये स्लिपचे कापड अडकू शकते, हे खरे आहे. पण जे अडते ते समोर दिसते आणि स्वतःच्या हाताने सुटते.

म्हणून ज्यांच्या घरी सकाळी आणि रात्री हाकेला ओ देणारे माणूस आहे, ज्यांना नाचायला जायचे आहे किंवा गुडवुड रिव्हायव्हलसारख्या, जुन्या मोटारींच्या आणि जुन्या पोशाखांच्या मेळ्यात एक दिवस थाटात मिरवायचे आहे, त्यांनी गोल घेराचा सुती ड्रेस आनंदाने घ्यावा. तो आनंद दुसऱ्या कशात नाही. बाकीच्यांनी, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांनी, पहिला ड्रेस टी-ड्रेस घ्यावा असे मी नम्रपणे सुचवेन. इंटरनेटवरून घेतलेला तयार ड्रेस इथल्या कायद्याप्रमाणे मिळाल्यापासून १४ दिवसांत रद्द करता येतो, परंतु खास आपल्या मापाने शिवून घेतलेल्या ड्रेसला ती सवलत नसते. तेव्हा मापे देण्यापूर्वी त्याच शिवणकाराचा एखादा तयार ड्रेस मागवून, बंद खोलीत, कुणाच्याही मदतीशिवाय घालून आणि उतरवून पाहावा.

माझ्याकडे आज चार टी-ड्रेस आणि एक गोल घेराचा ड्रेस आहे. घेराची ओढ मात्र सुटलेली नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी एका शिवणकार बाईंना विचारले, की पाठीतली चेन डाव्या बाजूला घेता येईल का. त्यांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवले: चेन घेता येईल, पंधरा पौंड जास्त पडतील, आणि बाजूच्या शिवणीत चेन आली की डावा खिसा निघून जाईल. मी लगेच होकार कळवला. रुमाल आणि घराची किल्ली यांना उजवा खिसा पुरतो.