पॅकर्स, स्टीलर्स की पॅट्रियट्स? ट्रॉफ्या मोजायच्या आधी वाचा

अमेरिकेत नवीन गेलात की सप्टेंबरमध्ये ऑफिसात कोणीतरी विचारतंच, अमेरिकन फुटबॉलमधली तुझी टीम कुठली? मग आपण सर्च करतो सगळ्यात जास्त सुपर बोल (सीझनची शेवटची फायनल) कोणाचे, उत्तर येतं स्टीलर्स आणि पॅट्रियट्स, दोघांचे ६-६. गोची अशी की सुपर बोल सुरू झाला जानेवारी १९६७ ला, त्यांची लीग NFL मात्र १९२० पासूनची. आधीच्या चॅम्पियनशिप धरल्या तर ग्रीन बे पॅकर्स थेट १३ वर, त्यात सुपर बोल फक्त ४. जुनं धरायचं का? मी तर धरतो बाबा, आपल्या हॉकीचं १९२८ चं गोल्ड कोणी वजा करतं का!

पॅट्रियट्सचं कसंय, सहाच्या सहा २००१ ते २०१८ च्या सीझनमधले, कोच बेलिचिक आणि क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) ब्रेडी, जो २००० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात, १९९ व्या नंबरवर उचललेला. फेब्रुवारी २०१७ ची अटलांटाविरुद्धची फायनल नक्की बघा, ३-२८ असे मागे होते आणि ओव्हरटाइममध्ये ३४-२८ ने जिंकले. पण ब्रेडी नंतर टॅम्पाच्या टीममध्ये गेला आणि तिथे सातवा जिंकला, म्हणजे या एका माणसाकडे कुठल्याही टीमपेक्षा जास्त सुपर बोल आहेत. मग तुम्ही फॅन टीमचे की त्याचे, हे आधी ठरवा.

पॅट्रियट्सपेक्षा स्टीलर्स मला जास्त आवडतात. १९३३ पासून खेळतायत पण प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) पहिली मॅच जिंकायला १९७२ उजाडलं, तीही कशी, २२ सेकंद उरलेले, एक पॉइंटने मागे, टोलवला गेलेला बॉल फ्रँको हॅरिसने पार बुटाजवळ पकडला आणि पळत सुटला. त्यानंतर १९७४ ते ७९ मध्ये चार सुपर बोल, पुढे २००५ आणि २००८ च्या सीझनचे दोन. १९६९ पासून २०२५ च्या सीझनपर्यंत कोच फक्त तीन! वाईट एवढंच की २०१६ नंतर २०२४ च्या सीझनपर्यंत प्लेऑफची एकही मॅच जिंकले नाहीत.

तरी माझं मत पॅकर्सला. साधारण लाखभर वस्तीचं गाव, आणि टीमचा कोणी एक शेठ नाहीच, पाच लाखांहून जास्त शेअरहोल्डर मालक आहेत. २०२१ ला शेअर ३०० डॉलरला निघाला होता, डिव्हिडंड शून्य, नफा घेऊन विकताही येत नाही, तरी लोकांनी घेतला. लागोपाठ तीन चॅम्पियनशिप या लीगमध्ये फक्त यांनीच जिंकल्यात आणि तेही दोनदा, १९२९-३१ आणि १९६५-६७. सुपर बोलची ट्रॉफीच मुळात यांच्या लोम्बार्डी कोचच्या नावाची. ३१ डिसेंबर १९६७ ची डॅलसविरुद्धची मॅच तर उणे २५ सेल्सियसमध्ये झाली, रेफ्रींच्या शिट्ट्या गोठल्या म्हणून ते ओरडून खेळ थांबवत होते, आणि १६ सेकंद उरलेले असताना पॅकर्सचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतःच बॉल घेऊन गोललाइनपार घुसला, २१-१७.

फक्त सीझन तिकिटाचं स्वप्न बघत असाल तर वेटिंग लिस्टवर नाव आजच टाका, नंबर यायला काही दशकं लागतात, तुम्हाला नाही तर निदान पोराला मिळेल.