होम थिएटरसाठी लर्निंग रिमोट: जुळवणी नीट केली तरच उपयोगाचा

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर आणि जुना डीव्हीडी प्लेअर अशा चार उपकरणांसाठी बेळगावच्या गणपत गल्लीतून एक लर्निंग रिमोट, म्हणजे इतर रिमोटांचे संकेत शिकून साठवणारा रिमोट, घेतला. त्यावर नामांकित कंपनीचे नाव नाही आणि किंमत ५०० रुपयांच्या आत आहे. बरेच दिवस वापरल्यावर माझे स्पष्ट मत असे आहे की हा रिमोट जरूर घ्यावा, मात्र जुळवणीला एक निवांत संध्याकाळ द्यावी. ती घाईत उरकली तर घरातल्या रिमोटांच्या गर्दीत आणखी एकाची भर पडण्यापलीकडे काही साधत नाही.

पूर्वी या कामासाठी लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटांचे नाव घेतले जाई. एका बटणावर टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आणि योग्य इनपुट असे सगळे लागत असे. कंपनीने २०२१ मध्ये त्यांचे उत्पादन बंद केले. या स्वस्त रिमोटाकडून तेवढी अपेक्षा करता येणार नाही. येथे वरच्या बाजूला प्रत्येक उपकरणाचे वेगळे बटण आहे. ते दाबले की खालची सर्व बटणे त्या उपकरणाची होतात.

जुळवणीच्या दोन पद्धती आहेत. सोबतच्या पुस्तिकेतील कोड घातला की टीव्हीची मुख्य बटणे लगेच चालू होतात, पण अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट बदलण्यासारखी कामे त्यातून होत नाहीत. दुसरी पद्धत शिकवण्याची. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, मध्ये तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवून मांडावेत, नव्या रिमोटाचे बटण दाबावे आणि लगेच मूळ रिमोटाचे तेच बटण हलकेच दाबून सोडावे. दिवा लुकलुकला की संकेत साठवला गेला असे समजावे. खिडकीतून येणारे ऊन आणि ट्यूबलाइटचा प्रकाश यांमुळे संकेतात गोंधळ होतो, म्हणून हे काम पडदे ओढून आणि ट्यूब बंद करून केलेले बरे. मूळ रिमोट खरोखर संकेत पाठवतो की नाही अशी शंका आली, तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्या टोकासमोर धरावा; डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर फिकट जांभळा चमकताना दिसतो.

या रिमोटाचा खरा फायदा मला आवाजाच्या बटणांत आढळला. सेट-टॉप बॉक्सच्या विभागात आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांवर बॉक्सचा नव्हे, तर अ‍ॅम्प्लिफायरचा संकेत शिकवला आणि टीव्हीच्या विभागातही तसेच केले. त्यामुळे मालिका पाहताना आईला वाहिनी बदलायची असो वा आवाज वाढवायचा असो, वरचे बटण दाबून विभाग बदलण्याची गरज उरली नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसांना रिमोट सहज वापरता यावा असे वाटत असेल, तर एवढे एक काम अवश्य करावे.

चालू-बंदचे बटण मात्र डोकेदुखीचे आहे. बहुतेक उपकरणांत एकच संकेत चालू करतो आणि तोच बंदही करतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते आणि परत आल्यावर सेट-टॉप बॉक्स आपोआप सुरू होतो, तर अ‍ॅम्प्लिफायर झोपलेलाच राहतो. अशा वेळी प्रत्येक उपकरण त्याच्या विभागात जाऊन वेगळे चालू करावे लागते. ज्यांच्या मूळ रिमोटावर ‘ऑन’ आणि ‘स्टँडबाय’ अशी दोन स्वतंत्र बटणे आहेत, त्यांनी ती दोन्ही वेगवेगळ्या जागी शिकवावीत, म्हणजे ही अडचण मुळातच येत नाही.

फिलिप्सने रूढ केलेल्या आरसी-५ या संकेत पाठवण्याच्या पद्धतीवर चालणाऱ्या जुन्या उपकरणांबाबत आणखी एक बारकावा आहे. त्या पद्धतीत बटण नव्याने दाबले की संकेतातील एक बिट, म्हणजे ० किंवा १ असा अंक, उलटतो, आणि त्यावरून बटण पुन्हा दाबले की दाबून धरले आहे हे उपकरणाला कळते. साधा लर्निंग रिमोट मात्र साठवलेला संकेत जसाच्या तसा पाठवतो, त्यामुळे ‘११’ असा आकडा दाबताना दुसरा ‘१’ घेतलाच जात नाही, असे होऊ शकते. एनईसी या दुसऱ्या संकेत-पद्धतीच्या उपकरणांत हा प्रश्न नाही, कारण तिच्यात असा उलटणारा बिट नसतो.

टीव्हीला जोडायच्या अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, त्यामुळे ती इन्फ्रारेडवर चालणाऱ्या या रिमोटावर चालणार नाही. विकत घेण्यापूर्वीच हे ध्यानात असू द्यावे.

बटणे रबरी आणि किंचित घट्ट आहेत, अंधारात ती उजळत नाहीत आणि पुस्तिकेत मराठी वा कन्नड अक्षरही नाही. सेल बदलताना शिकवलेले संकेत मात्र पुसले जात नाहीत, ही मोठी सोय आहे. मूळ रिमोट टाकून देऊ नयेत. स्पीकरचे अंतर ठरवण्यासारख्या क्वचित लागणाऱ्या बटणांना नव्या रिमोटावर जागा नसते, म्हणून ते सेल काढून एका डब्यात ठेवावेत.